सवय झाली म्हणजे नक्की काय झालं?

"काही होत नाही रे, बॉडीला सवय होते!" होस्टेलच्या गच्चीवर सिगरेट ओढणारा प्रत्येकजण हे एकदा तरी म्हणतोच. पूर्वी मी गप्प बसायचो. आता म्हणतो, "खरंय, सवय होते. पण कशी होते तेही ऐक."

निकोटीनचं सोडा, धातूंचं बघू. तंबाखूचं रोप जमिनीतलं कॅडमियम शोषून पानांत साठवतं. धुरातून ते फुफ्फुसात आणि तिथून रक्तात जातं. आपल्या पेशीत एमटीएफ-1 नावाचं एक प्रथिन असतं. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर जस्ताचा सेन्सर आणि जनुकांचा स्विच, दोन्ही एकातच. कॅडमियम पेशीत शिरलं की इतर प्रथिनांना चिकटलेलं जस्त हुसकावतं. हे मोकळं झालेलं जस्त एमटीएफ-1 ला चिकटतं. मग एमटीएफ-1 डीएनएवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतं आणि मेटॅलोथायोनिनची जनुकं चालू करतं. मेटॅलोथायोनिन हे छोटंसं, गंधकयुक्त प्रथिन. त्याचा एक रेणू कॅडमियमचे 7 अणू धरून ठेवतो. झाली सवय!

डिझाइन झकास आहे, पण खरी गोम पुढे आहे. हे प्रथिन कॅडमियमला बांधून ठेवतं, बाहेर काढत नाही. खोली झाडताना आपण कचरा पलंगाखाली ढकलतो ना, तसंच. हा साठा मुख्यतः मूत्रपिंडात होतो आणि त्यातला निम्मा जायलाच 10 ते 30 वर्षं लागतात. म्हणजे विशीतली उधारी पन्नाशीत फेडायची.

न ओढणाऱ्यांनीही खूश होऊ नये. जपानमध्ये जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम उतरलं, नदीच्या पाण्यावर भात पिकला आणि तो खाणाऱ्यांची मूत्रपिंडं आणि हाडं गेली. त्या रोगाचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. 1968 साली तिथल्या सरकारने प्रदूषण हेच कारण असल्याचं मान्य केलं. आणि आपण? प्रोजेक्ट संपला की निकेल-कॅडमियमचे सेल सरळ डस्टबिनमध्ये! तो कचरा पुढे जळतो नाहीतर मातीत मुरतो. युरोपने 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये कॅडमियमची मर्यादा 0.01 टक्क्यावर आणली, ती काही उगाच नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक लॅबमध्ये आणि होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर वापरलेल्या सेलसाठी वेगळा डबा हवा, आणि तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रापर्यंत पोचवायची जबाबदारी कुणाची, हेही ठरलेलं हवं. खर्च जवळजवळ शून्य. हे काम सरांनी आणि आपण मिळून करायचं.

आणि गच्चीवरच्या मित्रांनो, जनुकं चालू झाली म्हणजे पेशीत अलार्म वाजतोय. अलार्म वाजतोय म्हणून सगळं ठीक आहे, असं कुठला इंजिनिअर म्हणेल?