हुसेन यांचे वारस कोण?

माणूस मेला की त्याच्यावरचा फौजदारी खटला संपतो, असे कायदा मानतो. आरोपीच उरला नाही तर शिक्षा कोणाला देणार? मकबूल फिदा हुसेन यांच्या बाबतीत एवढ्यानेही भागले नाही. ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर साडेतेरा वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, दिल्लीच्या एका न्यायालयाने त्यांची दोन चित्रे जप्त करण्याचा आदेश दिला. कलादालनात मांडलेल्या या चित्रांनी धार्मिक भावना दुखावल्या, अशी तक्रार होती. चित्रकार सापडणार नव्हता, म्हणून चित्रे धरली!

हा वाद न्यायालयापुढे पहिल्यांदाच आला होता असेही नाही. ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. संजय किशन कौल यांनी 'भारतमाता' चित्रावरून हुसेन यांच्यावर चाललेले खटले रद्द केले होते. नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, या देशाच्या कलापरंपरेला ती परकी नाही, आणि नव्वदीतल्या चित्रकाराने आपल्या घरी कॅनव्हाससमोर असायला हवे, असा त्या निकालाचा आशय होता. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारवाईला नकार दिला. हुसेन खटला जिंकले, पण २००६ मध्ये सोडलेल्या घरी त्यांना परतता आले नाही. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले. माती मिळाली ती इंग्लंडमधल्या ब्रुकवूडच्या कब्रस्तानात.

आता दुसरी बाजू पाहा. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचे 'ग्रामयात्रा' हे चित्र ११८ कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. जूनमध्ये मुंबईत त्यांच्या पंचवीस चित्रांचा लिलाव झाला, तोही न्यायालयाच्या परवानगीने. एका उद्योगपतीकडे नाफेडचे कर्ज थकले होते, त्याच्या वसुलीसाठी! म्हणजे दिल्लीत हुसेन हा गुन्ह्याचा मुद्देमाल आणि मुंबईत वसुलीचा माल. नोव्हेंबरमध्ये दोह्यात त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. कतारने त्यांना जागा दिली. आपण काय दिले?

झुंडशाही करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे आणि तो दिलाच पाहिजे. १९९८ मध्ये त्यांच्या मुंबईतल्या घरावर हल्ला करणारे कोण होते, हे आपण विसरलेलो नाही. पण आपल्या घरात काय घडले? २००४ मध्ये 'मीनाक्षी' चित्रपटातल्या एका कव्वालीत कुरआनातले शब्द आले म्हणून मुस्लिम संघटनांनी गदारोळ केला आणि चित्रपट थिएटरांतून काढून घ्यावा लागला. त्या वेळी आपल्यातले किती जण हुसेन यांच्या बाजूने बोलले? तसवीर काढणेच ज्यांना मान्य नाही, त्यांच्यापुढे आपण मान खाली घातली. मग इतरांच्या दुखावलेल्या भावनांना उत्तर देण्याचा नैतिक अधिकार कोठून आणायचा?

कायद्याच्या दृष्टीने वारसांचा प्रश्न मिटलेला आहे. कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. हुसेन यांच्या चित्रांचा २०७१ अखेरपर्यंत टिकेल. पण सांस्कृतिक वारसा न्यायालय वाटून देत नाही. तो आपण होऊन उचलावा लागतो.

हुसेन १९१५ मध्ये पंढरपुरात जन्मले, आपल्या सोलापूर जिल्ह्यात. तान्हेपणीच आई गेली. तिचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणारी नऊवारीतली बाई इथल्याच मातीतली आहे. याच सोलापुरात १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते आपण या मातीचे आहोत हे ठणकावून सांगण्यासाठीच. मग या मातीतल्या हुसेन यांच्यावर आपल्या व्यासपीठांवरून किती परिसंवाद झाले, आपल्या अंकांत किती पाने निघाली, याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःशी करावा.

हुसेन यांचे प्रत्येक चित्र आवडलेच पाहिजे असे नाही. आवडले नाही तर तसे लिहा, कडक लिहा. पण उद्या पुन्हा एखादे चित्र पोलीस ठाण्यात नेले जाईल, तेव्हा पहिला निषेध सोलापुरातून निघाला पाहिजे. आणि मशिदीच्या पायरीवरून एखाद्या कलावंताविरुद्ध आरोळी उठेल, तेव्हाही. यातले एकच करणार असू, तर वारस म्हणवून घेण्याचा हक्क आपल्याला नाही.