किताब गेले, सातबारा कोठे आहे?

१८८८ साली ब्रिटिश राजसत्तेने कॅनडाचे चार्ल्स टपर यांना वंशपरंपरागत बॅरोनेट केले. मुंबईच्या जमशेटजी जिजीभाईंना तो मान १८५७ सालीच लाभला होता. १९१९ साली कॅनडाच्या लोकप्रतिनिधींनी अशा किताबांस विरोध नोंदविला. आपल्या राज्यघटनेनेही अठराव्या अनुच्छेदाने ते मोडीत काढले. जव्हारचे अधिपती यशवंतराव मुकणे यांनाही पुढे लोकसभेत जाण्यासाठी मतेच मागावी लागली. हे योग्यच झाले. परंतु डहाणू-तलासरीतील वारल्यांना वारशाने मिळाली ती वेठबिगार! १९४५ साली झरीच्या मेळाव्यात त्यांनी ती झुगारण्याचा निर्धार केला. २००६ साली वनहक्क कायदाही आला. आता कसणाऱ्याच्या मुलास बापाच्या नावचा सातबारा मिळावा; लोकशाहीत शोभणारा वारसा तोच.