गर्दीतून पुढे आलेली व्हेरॉनिका

शूर मुलगी दाखवायची म्हटली की मालिकावाले तिच्या हातात तलवार तरी देतात, नाहीतर अंगात एखादी अद्भुत शक्ती. ‘व्हेरॉनिका मार्स’ या अमेरिकन मालिकेच्या नायिकेकडे यातलं काहीच नाही. तिच्याकडे आहे एक कॅमेरा, तल्लख डोकं आणि तिखट जीभ. तरीही आपल्यासारख्या शाळेतल्या कॅडेट्सनी, विशेषतः मुलांनी, ही मालिका जरूर पाहावी असं माझं मत आहे.

रॉब थॉमस यांची ही मालिका २००४ मध्ये सुरू झाली. कॅलिफोर्नियातल्या नेपच्यून या काल्पनिक गावात व्हेरॉनिका (क्रिस्टन बेल) शाळेत शिकते आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या खासगी डिटेक्टिव्ह ऑफिसात काम करते. तिच्या जिवलग मैत्रिणीचा, लिलीचा, खून झालेला असतो. व्हेरॉनिकाचे वडील कीथ तेव्हा शेरीफ, म्हणजे तिथले पोलीसप्रमुख होते. त्यांनी लिलीच्या धनाढ्य वडिलांवरच संशय घेतला. सारं गाव उलटलं, कीथ यांचं पद गेलं, आई घर सोडून गेली. व्हेरॉनिकाचा ग्रुप एका बाजूला आणि वडील दुसऱ्या बाजूला. ती वडिलांच्या बाजूने उभी राहिली आणि एकटी पडली.

पहिल्याच भागात एक प्रसंग आहे. वॉलेस नावाच्या नव्या मुलाचे कपडे काढून त्याला शाळेच्या ध्वजस्तंभाला टेपने बांधलेलं असतं. त्याचा गुन्हा एवढाच की दुकानात चोरी करणाऱ्यांची खबर त्याने पोलिसांना दिली. सगळे भोवती उभे राहून मजा बघतात. व्हेरॉनिका पुढे येते आणि टेप कापते.

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. ‘चुगलखोर’ हा शिक्का आपल्याकडे कोणत्याही शिक्षेपेक्षा जड असतो. जोडीदाराला सांभाळून घ्यायचं हे आपल्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात आणि ते योग्यच आहे. पण त्याने केलेला अन्याय झाकणं म्हणजे सांभाळून घेणं का? व्हेरॉनिकाचं उत्तर स्पष्ट आहे. आणि मुलीने सोडवलं म्हणून वॉलेसला कमीपणा वाटत नाही. तो तिचा सर्वांत पक्का मित्र होतो. मला यातला स्त्रीवाद पटतो, कारण त्यात भाषण नाही.

आणखी एक गोष्ट. ती वडिलांवर जीव टाकते, पण त्यांचा संशयही पुरावा तपासल्याशिवाय मान्य करत नाही. शेवटी खुनी दुसराच निघतो. आपल्या माणसाच्या पाठीशी राहूनही सत्य शोधता येतं, हे मला फार मोलाचं वाटलं.

तिचं सगळंच अनुकरण करण्यासारखं नाही. ती खोटी नावं सांगते, चोरून ऐकते, सूड घ्यायलाही मागेपुढे पाहत नाही. पण आदर्श पुतळ्यापेक्षा अशी चुकणारी मुलगी जास्त खरी वाटते.

प्रेक्षक कमी म्हणून ६४ भागांनंतर, २००७ मध्ये, मालिका बंद झाली. चाहत्यांनी वाहिनीकडे हजारो ‘मार्स’ चॉकलेटं पाठवली, पण उपयोग झाला नाही. मग २०१३ मध्ये ९१,०००हून अधिक लोकांनी वर्गणी काढून सुमारे ५७ लाख डॉलर जमवले आणि पुढच्या वर्षी चित्रपट आला. कमी लोकांनी पाहिलेली गोष्ट कमी मोलाची नसते, हे यावरून दिसतं.

२०२२ पासून एनडीएत मुली प्रशिक्षण घेत आहेत. तरी आम्हा मुलांच्या गप्पा अजून मुली किती धावतील आणि किती दोर चढतील यावरच अडकतात. सगळे नुसते बघत उभे असताना पुढे कोण जाईल, हे मात्र कोणत्याही फिजिकल टेस्टमध्ये कळत नाही.

पालकांना एक विनंती: मालिकेत काही विषय गंभीर आहेत, म्हणून सुट्टीत ती मुलामुलींसोबत बसून पाहा. नंतर त्यांना एवढंच विचारा, “तू तिथे असतास किंवा असतीस, तर काय केलं असतंस?”