मोरचुदाचं पान

परवा आत्याचा फोन आला. "अगं, तू कॉलेजातल्या मुलांना विकिपीडियावर लिहायला लावतेस म्हणे? तिथे तर कोणीही काहीही लिहितं ना!" चुगली कोणी केली ते मला माहीत आहे (वहिनी, तूच!). असो. फोनवर जे धड सांगता आलं नाही ते इथे लिहितेय.

आधी एक कबुली. आमच्याकडे रसायनशास्त्र म्हणजे जर्नल. मी स्वतः बी.एस्सी.ला अख्खं जर्नल सीनियरच्या वहीवरून उतरवलं होतं, टायट्रेशनच्या रीडिंगसकट. मार्क उत्तम मिळाले. आज मी तसल्याच जर्नलांवर सह्या करते. ते कोणी वाचणार नाही, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सही करणाऱ्यालाही.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात अॅन मॅकनील यांनी 2008 पासून पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या वर्गाला विकिपीडियाचे लेख सुधारायला दिले. त्यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख 2010 साली 'जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन'मध्ये आला. तो वाचला तेव्हा मला वाटलं, वा, यात काय अवघड आहे!

अवघड होतं. पहिल्या वर्षी मी सगळ्या वर्गाला एकदम सोडलं. मुलांनी गाइडमधले परिच्छेद जसेच्या तसे डकवले आणि ते उडवत बसायचं काम कोणा अनोळखी स्वयंसेवकांच्या गळ्यात पडलं. पुण्यातल्या काही कॉलेजांत 2011 साली विकिमीडियाच्या कार्यक्रमात मोठ्या प्रमाणावर हेच झालं होतं आणि तो त्याच वर्षी गुंडाळावा लागला होता. मला हे माहीत असायला हवं होतं. नव्हतं.

दुसऱ्या वर्षी सहाच मुलं घेतली. विषय घरातले: तुरटी, नवसागर, टाकणखार, मोरचूद. आधी कच्चं लिखाण मला दाखवायचं, प्रत्येक वाक्य कुठून आलं ते सांगायचं आणि मगच पानावर चढवायचं.

मोरचूद घेतला तो मुलगा निफाडकडचा, घरी द्राक्षबाग. वर्गात मागच्या बाकावर, कधी तोंड उघडायचा नाही. त्याने सूत्र लिहिलं, स्फटिकातले पाण्याचे पाच रेणू लिहिले, तापवल्यावर निळा रंग जाऊन पांढरी पूड उरते तेही लिहिलं. मग बोर्डो मिश्रणापाशी आला आणि एकदम मोकळा झाला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडी भांडं वापरायचं नाही. शेवटी विळ्याचं पातं त्यात बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला.

मी विचारलं, "तांबूस का?"

तो गप्प. मग म्हणाला, "मॅडम, ते... दहावीचं विस्थापन आहे का?"

तेच ते. लोखंड तांब्याला द्रावणातून हाकलतं, हे समीकरण त्याने दहावीपासून निदान पाच परीक्षांत लिहिलं असेल आणि विळा लहानपणापासून पाहिला असेल. दोन्ही एकच आहेत हे त्याला त्या दिवशी कळलं. माझ्या लेक्चरने नाही, तर कोणा परक्या माणसाला समजेल असं एक वाक्य लिहावं लागलं म्हणून.

पुढे पानावर त्या वाक्याला कोणीतरी 'संदर्भ हवा' लावलं. पोरगा चिडला. "माझे वडील वीस वर्षं करतात, हा संदर्भ नाही का?" नाही बाबा. त्याला आठवडा लागला, पण कृषी विद्यापीठाच्या एका पुस्तिकेत त्याने ते शोधून काढलं. आत्या, 'कोणीही काहीही लिहितं' हे खरं आहे गं, पण लिहिलेलं टिकायला हे असं करावं लागतं. माझ्या जर्नलातल्या रीडिंगला कोणी असा पुरावा मागितला होता?

विभागात मात्र यावरून वाजलंच. याला मार्क कशात धरायचे? एक्सटर्नलला काय दाखवायचं? एक सहकारी म्हणाले, आता ही मुलं मशीनकडूनच लिहून आणतील. आणतात ना! एकीने आणलंही होतं, छान गुळगुळीत, खाली पाच संदर्भांसकट. लायब्ररीत शोधायला बसवलं तर त्यातली दोन पुस्तकं जगात कुठेच नव्हती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणून तर माझं म्हणणं आहे की जर्नलाचे निम्मे मार्क इकडे वळवा. अर्ज दिलाय. उत्तर नाही.

निफाडकराने ते पान वडिलांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी नीट वाचलं आणि म्हणाले, "चुना ताजा पाहिजे, हे कुठंय?"

सध्या तो त्याचा संदर्भ शोधतोय.