लेआउट मंजूर, पण सांडपाणी कुठे?

मंडळी, २००१ ते २०११ या दहा वर्षांत आपल्या बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २२.३२ लाखांवरून २५.८६ लाखांवर गेली. माणसं वाढली की घरं, बोअर वाढणार आणि न्हाणीचं पाणीही वाढणार. लोणारात हे पाणी वर्षानुवर्षं उतारानं सरोवरात गेलं. त्या सरोवरातून बाहेर जाणारा एकही ओढा नाही. गेलेली घाण तिथंच साचते अन् खाऱ्या पाण्याचा मूळ गुण बिघडतो. २०२० मध्ये रामसर दर्जा मिळाला, आपण फोटो टाकले, झालं!

लोकसंख्येच्या नावानं बोटं मोडून भागणार नाही. वस्ती पुढे गेली, गटारं मागे राहिली, हे खरं दुखणं. म्हणून नवा लेआउट मंजूर होताना प्रत्येकानं नगरपरिषदेला विचारावं: याचं सांडपाणी कुठे जाणार?