चोरपावलाचा गडी लढाईंत टिकतो काय?

गेल्या नाताळच्या सुटींत माझ्या भाच्यानें पुण्याहून एक खेळ आणिला, आणि देवळाली प्रवरेच्या आमच्या घरांतील बैठकीची खोली चार दिवस भुयार होऊन बसली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हें त्याचें नांव. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. एक जण कथा चालवितो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि यशापयश बहुधा फांशांवर ठरतें. आरंभीं योद्धा, मांत्रिक व धर्मगुरु असे तीनच वर्ग होते. चोराचा वर्ग १९७५ च्या पुरवणींत आला. हल्लीं त्यास ‘रोग’ म्हणतात, आणि तें नांव ऐकून मुलें यथेच्छ हंसलीं. चोराचें सोंग मुलांनीं घ्यावें काय, असें एका पालकांनीं मला विचारिलें. यहोशवानें यरीहोस धाडिलेल्या दोन हेरांची मीं त्यांस आठवण दिली.

शेजारचा एक लहानखुरा मुलगा हें पात्र खेळत होता. कथेंत लढाईमागून लढाई. तिसऱ्या दिवशीं सोबती म्हणूं लागले, “तूं लपतोस आणि मार आम्ही खातों. तुझा उपयोग काय?” पोराचें तोंड उतरलें. तक्रार अगदींच खोटी नव्हती. योद्ध्याची प्राणशक्ति दहा बाजूंच्या फांशानें मोजितात, ह्याची आठ बाजूंच्या. तो मांजराच्या पावलांनीं चालला तरी मागून चौघे चिलखतें खणखणवीत येत असतां लपण्यांत अर्थ कोणता? बरें, एकटाच टेहळणीस गेला तर बाकीचे जांभया देत बसतात.

तथापि मीं २०१४ च्या आवृत्तीचे नियम चाळिले, तेव्हां निराळेंच दिसलें. ह्याच्या गुप्त घावास दर वेळीं लपावें लागतच नाहीं. शत्रूपासून पांच फुटांच्या आंत लढण्यास समर्थ असा एक सोबती उभा असला कीं सामान्यतः पुरे. घाव लागतांच सहा बाजूंचा एक जादा फांसा मिळतो, व दर दोन पायऱ्यांस तो एकेक वाढतो. म्हणजे ह्याचें खरें शस्त्र अंधार नव्हे, सोबती होय! सर्व मंडळी मिळून दबकत निघाली तर निम्म्यांस साधलें कीं सर्वांस साधतें, असाही नियम आहे. तो आमच्या वीरांनीं वाचिलाच नव्हता.

१६७३ सालीं कोंडाजी फर्जंद सुमारें साठ गड्यांनिशीं रात्रीं पन्हाळ्यावर चढला, तेव्हां त्यांत खणखणाट करणारा कोणी नव्हता. सारी टोळीच त्या कामासाठीं निवडलेली होती. पण त्याच मराठ्यांस आदल्या वर्षीं साल्हेरीस उघड्यावर लढावें लागलें, व तेथेंही त्यांनीं मोगलांस हरविलें. तेव्हां केवळ लपूं जाणणारा गडी टिकत नाहीं, हें मला मान्य आहे. परंतु ज्या कथेंत चार भिंती व एक राक्षस ह्यांवांचून कांहीं नसतें, तिच्या चालकाचा दोष पात्रावर कां घालावा?

हें मीं मुलांस जेवतांना सांगितलें. चवथ्या दिवशीं दाराआडून ऐकूं आलें, तोच योद्धा म्हणत होता, “मी ह्याला धरतों, तूं ये.”