जीभ जळतेय, पण तोंड आलेलं नाही? रिपोर्ट नॉर्मल असले तरी दुखणं खोटं नसतं!

तोंडात फोड नाही, जखम नाही, लालीही नाही. तरीही गरम चहाने जीभ पोळावी तशी आग दिवसभर होत राहते. घरचे म्हणतात, 'उष्णता वाढली असेल.' मग सब्जा, गुलकंद, ताक सगळं होतं. त्यानंतर मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या येतात. शेवटी दंतवैद्य, फिजिशियन, कान-नाक-घसा तज्ज्ञ अशी फिरती सुरू होते आणि बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, 'सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.' खरी अडचण इथेच आहे.

या त्रासाला नाव आहे

वैद्यकशास्त्रात याला 'बर्निंग माउथ सिंड्रोम' म्हणतात. रोज २ तासांहून जास्त आणि ३ महिन्यांहून अधिक काळ तोंडात आग होत असेल आणि तपासणीत कारण सापडत नसेल, तर हे निदान केलं जातं. जिभेचं टोक, कडा, टाळू आणि ओठ इथे त्रास जास्त जाणवतो. काहींना तोंड कोरडं वाटतं, कडू किंवा धातूसारखी चव येते. अनेकांना सकाळी बरं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत आग वाढते. रजोनिवृत्तीनंतरच्या महिलांमध्ये प्रमाण जास्त आहे. नसांच्या कामातील बिघाड हे यामागचं एक कारण मानलं जातं. नसांचा हा बिघाड आरशात किंवा एक्स-रेमध्ये दिसत नाही.

आधी काय तपासायचं?

निदानाआधी इतर कारणं वगळणं गरजेचं आहे. बी-१२, लोह, फॉलिक ॲसिड यांची कमतरता, मधुमेह, थायरॉइड, तोंडातला बुरशीचा संसर्ग, ॲसिडिटी, नीट न बसणारी कवळी, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळेही आग होते. चाचणी न करताच गोळ्या सुरू केल्या, तर कमतरता खरंच होती का, हे नंतर कळणं कठीण होतं. मात्र रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करू नये.

गुटखा, खर्रा, सुपारी खाणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. तिखट खाल्ल्यावर आग होणं आणि तोंड कमी उघडणं ही सबम्युकस फायब्रोसिसची लक्षणं असू शकतात आणि या आजारातून पुढे कर्करोगाचा धोका असतो. पांढरा-लाल चट्टा किंवा २ आठवड्यांत न भरणारी जखम दिसली, तर लगेच तपासून घ्यावं. बर्निंग माउथ सिंड्रोमचं मात्र कर्करोगात रूपांतर होत नाही. हे एक वाक्य डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तरी अनेकांची रात्रीची झोप परत येईल.

रोजचं जगणं कसं सोपं होईल?

हमखास बरं करणारं औषध आज नाही. काहींना क्लोनाझेपामची गोळी तोंडात धरून थुंकून टाकण्याने आराम पडतो, पण ती सवय लावू शकते. त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. समुपदेशनाचाही उपयोग होतो. त्याचा अर्थ दुखणं 'मनाचं' आहे असा नाही. सततच्या वेदनेने मन थकतं, म्हणून ते लागतं. घरी बर्फाचा तुकडा चघळणं, थोडं थोडं पाणी पिणं, अल्कोहोलचा माउथवॉश आणि तीव्र पुदिन्याची टूथपेस्ट टाळणं, तिखट-आंबट कमी करणं हे करता येतं. शंका म्हणून चांगले दात काढून घेऊ नयेत.

प्रश्न विश्वासाचा आहे

पन्नाशीतली बाई 'तोंड जळतंय' म्हणते, तेव्हा घरात आणि दवाखान्यातही ते पटकन वयावर किंवा स्वभावावर ढकललं जातं. दिसत नाही म्हणून दुखणं नाही, हा हिशेब चुकीचा आहे. डोकेदुखी तरी कुठे दिसते? कारण सापडलं नाही, तर तसं सांगावं, आजाराचं नाव सांगावं आणि पुढची तारीख द्यावी. घरच्यांनी आणखी एक उपाय सुचवण्याआधी 'आज किती त्रास होतोय?' एवढं विचारलं, तरी त्या माणसाला मोठा आधार मिळतो.